उदयनगरच्या बसच्या आधी

२५ फेब्रुवारी १९९५. सकाळची वेळ. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये राणी मरिया वट्टालिल नावाच्या कॅथलिक सिस्टर बसल्या होत्या. वय ४१. इंदूर गाठून पुढे केरळात, आपल्या माणसांकडे जायचं होतं. नाचनबोरच्या घाटात समंदरसिंह या तरुणानं त्यांच्यावर चाकू चालवला. पन्नासहून अधिक वार झाले आणि सिस्टर तिथंच, रस्त्याच्या कडेला गेल्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच झालेल्या सोहळ्यात कॅथलिक चर्चनं त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

दर फेब्रुवारीत आमच्याकडे ही आठवण निघते आणि दरवेळी ती त्या घाटापासूनच सुरू होते. मला ते खटकतं. घाटातली ती काही मिनिटं भयंकर होतीच. पण त्या बसमध्ये बसायला लागलेलं धैर्य त्या मिनिटांत आलेलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं साठलेलं होतं, आणि इंदूर-माळव्याच्या मातीत तशा धैर्याला शंभराहून जास्त वर्षांचा मागचा इतिहास आहे. तो फारसा कुणी सांगत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

आधी एका शब्दाबद्दल. आपण मराठीत ‘हुतात्मा’ म्हणतो, त्यात आहुती आहे, अग्नी आहे. बायबलमधल्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये त्या जागी ‘मार्तुस’ असा शब्द येतो आणि त्याचा साधा अर्थ साक्षीदार. कोर्टात उभा राहून ‘मी पाहिलं ते असं’ म्हणणारा माणूस. मरणाचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला, कारण पहिल्या शतकांत अशी साक्ष देणाऱ्यांना जिवाची किंमत मोजावी लागली. मराठी चर्चमध्ये ‘साक्ष देणे’ हा वाक्प्रचार अजून रोजचा आहे. आजारातून उठलेली बाई साक्ष देते, नोकरी लागलेला मुलगा साक्ष देतो. माझ्या मते जुना अर्थ या साध्या वापरातच जास्त जिवंत राहिला आहे.

मराठीत संपूर्ण नवा करार पहिल्यांदा आला तो मोडीत. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं केलेला हा अनुवाद १८११ मध्ये मोडी लिपीत छापला गेला. होळकरांचं दप्तर ज्या लिपीत चालायचं, तीच ही लिपी. भाषा अवघडलेली होती, पण इंदूरचा कारकूनही ते पुस्तक हातात धरून वाचू शकला असता.

वाचणं वेगळं आणि त्याप्रमाणे जगणं वेगळं. जगण्याची किंमत काय पडते ते १८४३ मध्ये मुंबईत दिसलं. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांच्यात जेवला होता, पण वयानं लहान म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग प्रश्न आला की या पोराला जातीत परत घ्यायचं कसं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून झटले आणि त्यापायी स्वतः बहिष्काराचा जाच सोसला. मी ख्रिस्ती घरातला, तरी या प्रकरणात मला बाळशास्त्रींचं धैर्य नारायण शेषाद्रींच्या धैर्याहून तसूभरही कमी वाटत नाही. एकानं घर सोडलं. दुसऱ्यानं घरात राहून दार उघडं ठेवलं. नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्ती उभी केली.

१८५० मध्ये कंपनी सरकारनं कायदा केला की धर्म बदलला म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही. पण तो कंपनीच्या मुलखापुरता. इंदूर संस्थान होतं. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीचं ठाणं, बसली. एकाच गावात दोन राज्यं. राजवाड्याच्या बाजूला दरबाराचा हुकूम, रेसिडेन्सीत साहेबाचा. १ जुलै १८५७ ला त्याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. लोक ज्याला व्हाइट चर्च म्हणतात, ते सेंट अ‍ॅन्स तिथलंच, १८५८ चं. धर्म आणि साहेबी सत्ता यांची सांगड लोकांच्या मनात घट्ट बसायला एवढं पुरेसं होतं.

कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदुरात आलं ते या वातावरणात. जे. एम. डग्लस हे पहिले, आणि त्याच वर्षी मिस फेअरवेदर आणि मिस रॉजर या दोघी. दुसऱ्या तुकोजीरावांच्या दरबारानं शहरातल्या प्रचाराला आणि मिशनच्या कामाला अडकाठी केली, मिशननं वरपर्यंत दाद मागितली, वाद बरीच वर्षं चालला. दरबाराची शंका मला समजते. वीस वर्षांपूर्वी जे पाहिलं होतं त्यानंतर कुठल्याही राजानं परक्या उपदेशकाकडे जरा जपूनच पाहिलं असतं. तुकोजीराव १८८६ मध्ये वारले, ताण सैलावला आणि १८८७ मध्ये याच मिशनच्या विल्की यांनी सुरू केलेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज आजही छावणीच्या बाजूला उभं आहे.

भाषणबाजीनं जे झालं नाही ते डॉक्टरणींनी केलं. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये आल्या, मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायच्या नाहीत. या दोघींना मात्र माजघरापर्यंत वाट मिळाली. पुढच्या दशकात बायकांसाठी वेगळं हॉस्पिटल झालं. पवारांच्या धारमध्ये डॉक्टर मार्गारेट ओ’हारा यांनी तसंच काम उभारलं.

मिशन हॉस्पिटलांचं मी निव्वळ कौतुक करणार नाही. खाटेवर पडलेल्या, उठून जाऊ न शकणाऱ्या रोग्यासमोर उपदेश करणं मला बरोबर वाटत नाही आणि ते घडत असे. पण त्या इमारती चालवल्या इथल्या बायकांनी. परिचारिका, दाया, आया, कंपाउंडर. त्यांची नावं कुठल्या अहवालात नाहीत.

माझी आजी त्यांतली एक. छावणीत राहायची, मिशनच्या हॉस्पिटलात रात्रपाळी करायची. तिच्या तोंडून ऐकलेली एक रात्र मला पाठ आहे. एका मोठ्या घरची बाळंतीण अडली होती. सासूनं बजावलं, सुनेला काहीही करा, पण ख्रिस्ती हातचं पाणी द्यायचं नाही. आजीनं वाद घातला नाही. घरून आणलेला लोटा सासूच्याच हातात दिला, स्वतः कंदील धरून उभी राहिली, आणि सुनेच्या ओठांना पाणी लागेपर्यंत कंदील हलू दिला नाही. बाकी सगळं, रक्तसुद्धा, तिच्याच हातांनी पुसलं. पहाटे मुलगी झाली. सासू निघताना काही बोलली का, असं मी विचारायचो. ‘बाळंतिणीची वार पडायला उशीर झाला होता, कुणाला बोलायला सवड होती?’ एवढंच ती म्हणायची.

तिच्या दारात उन्हाळाभर पितळेचा तांब्या भरून ठेवलेला असे, वर फुलपात्रं पालथं. शेजारच्या वाड्यातल्यांनी त्याला हात लावायचा नाही हे ठरलेलंच होतं, तरी ती भरून ठेवायची. कुणी प्यायचं का गं? ‘कधी रिकामा मिळायचा, कधी तसाच,’ म्हणायची आणि पोळ्या लाटायला लागायची.

हे पाण्याचं प्रकरण आज वाचताना लहान वाटेल. पण त्या काळात धर्म बदलल्याचा सगळा भार पाणी आणि ताट यांच्यावरच येऊन पडायचा. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सांभाळलं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. जात देवानं केली की माणसानं, याचा त्यांनी आपल्या पद्धतीनं, आपल्या वेळेत विचार केला, एक दिवस विटाळ सोडला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं टिळकांनी वाट पाहिली, पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशी प्रामाणिक राहून ‘नाही’ म्हटलं. त्या ‘नाही’तही मला निष्ठाच दिसते. आमच्या घरी टिळकांची भजनं टाळांवर व्हायची. चर्चमध्ये भक्ती हिंदीत, लोक आम्हाला मसीही म्हणत, पण रात्रीची प्रार्थना मराठीत आणि नाताळला फराळाच्या डब्यात करंज्या.

त्याच वर्षांत दुष्काळ आले. १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं विक्रम संवतावरून ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात हिंडल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका सोबत घेऊन आल्या. माळव्यातल्या मिशनच्या ठाण्यांवर शेकडो पोरकी मुलं आली. इथल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा मूळपुरुष अशा एखाद्या मुलापर्यंत जाऊन थांबतो. त्याच्या मागचं आडनाव, गाव, कुळ काही ठाऊक नसतं. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांनी जन्मभर ऐकला. ज्यांनी तो ऐकून घेतला आणि तरी दर रविवारी चर्चची पायरी चढली, दुकानात खरं माप दिलं, शाळेत पोरांना नीट शिकवलं, त्यांच्या विश्वासाला पोटाचा विश्वास कसं म्हणायचं? भूक भागल्यावरही ते पन्नास-साठ वर्षं तिथंच होते.

रमाबाईंच्या त्या प्रवासाची नेहमी वाहवा होते. त्यांचं दुसरं काम मला तेवढंच मोठं वाटतं. केडगावला मुक्तिसदनाचा एवढा पसारा सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला बसल्या. एकेक ओळ, वर्षानुवर्षं, कान अधू झालेले, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेलेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं, छापून मात्र १९२४ मध्ये आलं.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परतले. १९७० मध्ये नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, आमचं चर्च त्यात गेलं. दुसरीकडे संशय वाढत होता. न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीनं १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कामावर कडक अहवाल दिला, १९६८ मध्ये मध्य प्रदेशनं धर्मांतराविषयीचा कायदा केला. ‘धर्म बदलायचे किती पैसे मिळाले?’ हा प्रश्न मलाही शाळेत विचारला गेला. विचारणारा माझा बाकावरचा मित्र होता. आम्ही त्यानंतरही सात वर्षं एकाच बाकावर बसलो.

राणी मरिया याच प्रदेशात आल्या. केरळातल्या पुल्लुवळीच्या, जन्म २९ जानेवारी १९५४, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. आधी बिजनौर, मग सतना भागात, आणि १९९२ मध्ये उदयनगरला. तिथले आदिवासी आणि भूमिहीन शेतमजूर सावकाराच्या वहीत पिढ्यान्पिढ्या अडकलेले. सिस्टरांनी काय केलं? बँकेचं कर्ज कसं मिळतं ते सांगितलं. सरकारी योजनांचे अर्ज भरून दिले. अंगठा उठवण्याआधी कागदावर काय लिहिलंय ते विचारायला शिकवलं. तहसील, बँक, परत गाव. यात ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत असं काही नाही. पण ज्यांचं व्याज बुडू लागलं त्यांना या अर्जांचा अर्थ नीट कळला होता आणि हल्ल्यामागे तीच मंडळी होती. धमक्या आल्यावरही कामाचा रोजचा क्रम बदलला नाही, आणि त्या बसमध्ये बसल्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक तपशील सांगतो. सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही त्याच संघातल्या, २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समंदरसिंहच्या मनगटावर राखी बांधली. राखी ही काही केरळच्या कॅथलिक घरातली रीत नाही. तो सण माळव्याचा. ज्या हातानं चाकू धरला होता त्या हाताशी बोलायला त्यांनी त्या हाताला कळेल अशीच भाषा घेतली. घटनेला तेव्हा सात वर्षं उलटली होती. त्या सात वर्षांत त्यांच्या घरात काय काय झालं असेल, किती रात्री, किती प्रार्थना अर्ध्यावर सुटल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पुढे आई एलिश्वा यांनी त्याचे हात हातात घेऊन चुंबले. त्याची सुटका व्हावी म्हणून अर्ज केला तो या घरानंच. २००६ मध्ये तो सुटला.

राणी मरिया यांना उदयनगरच्या चर्चमध्ये पुरलं आहे. समंदरसिंह तिथं जात राहिला.