पीएचडीचा प्रबंध : पात्रता, कागदपत्रं, लेखन आणि व्हायवापर्यंतची वाट

माझा प्रबंध पीएचडी विभागाच्या खिडकीवरून पहिल्यांदा परत आला तो एका शब्दापायी. मुखपृष्ठावर ‘महिला बचत गटांची कर्जपरतफेड : चिकित्सक अभ्यास’ असं छापलं होतं आणि नोंदणीच्या पत्रात ‘एक चिकित्सक अभ्यास’ असं होतं. बांधून आणलेल्या सगळ्या प्रती बाइंडरकडे परत गेल्या. संशोधनात चूक नव्हती, चूक होती कागद जुळवण्यात. पुढे जे लिहितो आहे ते म्हणूनच दोन्ही बाजूंनी लिहितो आहे : कार्यालयाला काय लागतं आणि परीक्षकाला काय लागतं.

आधी नियम कुठला ते बघू. देशभरात सध्या यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०२२ ची पीएचडी नियमावली लागू आहे. ती ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात आली आणि तिने २०१६ ची नियमावली मोडीत काढली. ही झाली किमान चौकट. तिच्या आत प्रत्येक विद्यापीठ आपले नियम करतं, त्यामुळे प्रती किती, अक्षराचा आकार केवढा, शुल्क किती हे आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातच पाहायचं. सीनियरच्या प्रबंधावरून नक्कल करू नका, तो कदाचित जुन्या नियमातला असेल.

पात्रता आणि प्रवेश

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी असलेल्यांना पदव्युत्तर न करताही थेट अर्ज करता येतो, पण तिथे अट ७५ टक्क्यांची आहे. ५ टक्क्यांची सवलत तिथेही मिळते.

प्रवेशासाठी २०२४-२५ पासून नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफवाल्यांना, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेल्यांना, मुलाखतीवर प्रवेश मिळतो. बाकीच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. काही विद्यापीठं स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षाही (पेट) घेतात.

कागदपत्रांत पदवी आणि पदव्युत्तरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, परीक्षेचा निकाल, लागू असेल तो जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र एवढं हाताशी ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच जोडा. पदवीवर एक नाव आणि प्रबंधावर दुसरं, हा घोळ पाच वर्षांनी निस्तरणं फार जड जातं.

नोकरी करून अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांना नियोक्त्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात नुसतं ‘हरकत नाही’ लिहून चालत नाही. उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, कामातून त्याला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या अभ्यासक्रमाच्या भागासाठी, त्याला कार्यमुक्त केलं जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात याव्या लागतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी करता येत नाही, कुणी जाहिरात केली तरी.

मुदत

कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहाच्या पुढे नाही. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी महिलांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नैतिकतेचा पेपर येतोच, आणि ५५ टक्क्यांशिवाय पुढे जाता येत नाही.

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडायची असते. अनेकजण हे सोपस्कार म्हणून उरकतात. मी मात्र प्रत्येक वेळी एक प्रकरण कच्चंपक्कं लिहूनच जायचो. समितीने झोडपलं तरी ते तिथेच झोडपलेलं बरं.

प्रबंध लिहायचा कसा

सांगाडा सगळ्यांना ठाऊक असतो : मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, तक्त्यांची सूची, मग प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी, शेवटी संदर्भसूची आणि परिशिष्टं. सामाजिक शास्त्रांत हा क्रम रूढ आहे. साहित्य किंवा इतिहासात प्रकरणं विषयाप्रमाणे पडतात. क्रम पाठ असूनही प्रबंध विस्कळीत होतो, कारण शीर्षक, उद्दिष्टं आणि निष्कर्ष एका दोरीत ओवलेले नसतात. परीक्षक उद्दिष्टं वाचतात आणि निष्कर्षाच्या प्रकरणात त्यांची उत्तरं शोधतात.

माझं पहिलं उद्दिष्ट होतं, ‘बचत गटांचा अभ्यास करणे’. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “अभ्यास तर तुम्ही करणारच आहात. शोधणार काय ते सांगा.” मग ते झालं, ‘परतफेडीत खंड पडण्याची कारणे शोधणे’. फरक असा, की दुसऱ्या वाक्याचं उत्तर देता येतं. चार उद्दिष्टं पुरतात. दहा लिहिलीत तर दहांची उत्तरं द्यावी लागतील.

गृहीतकाचंही तसंच. ‘बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण होते’ हे गृहीतक नव्हे, भाषणातलं वाक्य आहे. ‘ज्या गटांची मासिक बैठक नियमित होते, त्यांची थकबाकी कमी असते’ हे तपासता येतं आणि चुकीचंही ठरू शकतं. चुकीचं ठरलं तर घाबरू नका. नाकारलेलं गृहीतक हाही निष्कर्षच असतो, आणि कित्येकदा तोच प्रबंधातला वाचण्याजोगा भाग असतो.

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे बहुतेक प्रबंधांत हजेरीपट असतो. ‘अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला, तमुक यांनी तमुक साली अभ्यास केला’, आणि अशी चाळीस पानं. आढावा माणसांप्रमाणे न लावता वादाप्रमाणे लावा. थकबाकीचं खापर शेतीच्या उत्पन्नावर फोडणारे अभ्यास एकीकडे, गटाच्या अंतर्गत शिस्तीकडे बोट दाखवणारे दुसरीकडे, आणि मग दोघांनीही न विचारलेला प्रश्न कोणता ते सांगा. त्या पोकळीत तुमचा प्रबंध बसतो.

पद्धतीच्या प्रकरणात सर्वेक्षण, मुलाखत, निरीक्षण यांच्या व्याख्या पुस्तकातून उतरवू नका, परीक्षकांना त्या येतात. किती गट घेतले, ते कसे निवडले, प्रश्नावली कुठल्या भाषेत होती, कोणी उत्तर द्यायला नकार दिला, हे लिहा. मला दोन गटांच्या अध्यक्षांनी हिशेबाची वही दाखवली नव्हती. मी ते जसंच्या तसं लिहिलं. व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न त्यावरच आला आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं.

विश्लेषणात तक्त्याखाली तोच तक्ता शब्दांत लिहायची सवय सोडा. ‘तक्ता क्रमांक ४.६ वरून असे दिसून येते की’ हे वाक्य माझ्या पहिल्या मसुद्यात जवळपास प्रत्येक तक्त्याखाली होतं. टक्केवारी वाचकाला दिसतेच आहे. त्या आकड्यामागे काय आहे आणि तो तुमच्या गृहीतकाच्या बाजूने बोलतो की विरुद्ध, एवढं सांगितलं की पुरे.

निष्कर्ष लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे उद्दिष्टं, उजवीकडे त्यांचे निष्कर्ष आणि ते ज्या पानावर सिद्ध होतात तो पृष्ठक्रमांक. उजवीकडे जागा रिकामी राहिली तर एक तर काम अपुरं आहे किंवा उद्दिष्ट फाजील आहे. शिफारशी स्वतःच्या माहितीतून निघालेल्याच द्या. ‘शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे’ लिहायला सर्वेक्षण लागत नाही. प्रस्तावना मात्र सगळ्यात शेवटी नव्याने लिहा, कारण आपण नेमकं काय केलं हे तोवर कळलेलं नसतं.

संदर्भांसाठी एपीए किंवा एमएलए, विद्यापीठ किंवा विभाग सांगेल ती एकच शैली. मजकुरात आलेलं प्रत्येक नाव सूचीत हवं, आणि सूचीतलं मजकुरात. हे काम वाचता वाचताच करायचं. शेवटच्या आठवड्यात पुस्तकाचं प्रकाशनवर्ष शोधत ग्रंथालयात फिरणं नशिबी येऊ नये.

सादर करताना

आधी आरएसीपुढे पूर्वसादरीकरण होतं. ते विभागातल्या शिक्षकांना आणि इतर संशोधकांना खुलं असतं. तिथल्या सूचना प्रबंधात आल्या पाहिजेत. पेपर छापून येण्याची सक्ती २०१६ च्या नियमात होती, २०२२ च्या नियमावलीत ती नाही. तरी आपल्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते विचारून घ्या.

प्रबंधासोबत दोन कागद लागतातच. वाङ्मयचौर्य केलेलं नाही असं संशोधकाचं हमीपत्र, आणि काम मूळ आहे व ते दुसऱ्या कुठल्या पदवीसाठी दिलेलं नाही असं मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र. जोडीला साधर्म्य तपासणीचा अहवाल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साधर्म्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाण सूत्रं यातून वगळतात. अहवाल काढताना ही वगळणी लावली आहे का ते बघा, नाहीतर नुसत्या संदर्भसूचीनेच आकडा फुगतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. डीटीपीवाले अजूनही जुन्या फाँटमध्ये करून देतात. कागदावर ते सुबक दिसतं, पण त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तपासणीच्या सॉफ्टवेअरला तोच चिवडा दिसतो, आणि त्यावरून आलेल्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. नंतर रूपांतर करायला गेलं की जोडाक्षरं आणि रफार तुटतात, आणि तीनशे पानांची मुद्रितं पुन्हा तपासावी लागतात. टायपिंगचं काम देण्याआधी एक पान मागवा आणि चिकटवून बघा.

पुढे काय होतं

प्रबंध मार्गदर्शकांव्यतिरिक्त किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. ते त्या विद्यापीठाच्या सेवेतले नसावेत, आणि शक्य असेल तिथे एक परदेशातला असावा. दोघांनी मान्यता दिली की व्हायवा. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात, आणि त्यानेही नाकारला तर प्रबंध बाद. सादर केल्यापासून सहा महिन्यांत हे सगळं पुरं व्हावं अशी नियमात अपेक्षा आहे, तेव्हा पाठपुरावा करताना त्या तरतुदीचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यायला संकोचू नका. व्हायवा ऑनलाइनही होऊ शकते आणि ती खुली असते. परीक्षकांचे अहवाल आधी मिळाले तर त्यातल्या प्रत्येक शेऱ्याला पृष्ठक्रमांकासह उत्तर लिहून न्या.

पदवी जाहीर होण्याआधी विद्यापीठ प्रबंधाची ई-प्रत इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे पाठवतं, आणि ती शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, कुणालाही वाचता येते. हाती येणाऱ्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पदवी यूजीसीच्या नियमावलीनुसार दिल्याचा उल्लेख आहे ना ते पाहा. प्राध्यापक भरतीच्या छाननीत तो शोधतात. शीर्षकही तिथेच उभं राहून वाचून घ्या. माझ्या कागदावर या वेळी ‘एक’ होतं.