कान स्वतः आवाज काढतो तेव्हा

टॉमस गोल्ड पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. पण १९४८ साली केंब्रिजमध्ये असताना त्यांनी कानाबद्दल एक तर्क मांडला होता, आणि कानाच्या जाणकारांपैकी जवळजवळ कुणीच तो मनावर घेतला नाही.

त्या काळी या विषयात शब्द चालायचा तो गेऑर्ग फॉन बेकेशी यांचा. अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. मृत व्यक्तींच्या कानातली कॉक्लिया उघडून, तिच्या आतल्या पटलावरून ध्वनीची लाट कशी सरकते हे बेकेशींनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. या कामासाठी १९६१ साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र त्यांना दिसलेली लाट पसरट होती, आणि जिवंत माणूस तर अगदी खेटून असलेले दोन स्वरही वेगळे ओळखतो. गोल्ड यांचं म्हणणं असं, की द्रवात बुडालेल्या पटलाची हालचाल लगेच विरून जायला हवी. ती टिकते, धारदार होते, त्याअर्थी आत कुणीतरी तिला सतत ऊर्जा पुरवतंय. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की शिट्टी वाजते, तसं या यंत्रणेचंही कधीतरी होणार आणि कानातून आवाज बाहेर पडणार. तेव्हाच्या मायक्रोफोनना इतका क्षीण आवाज पकडता येत नव्हता. विषय तीस वर्षं पडून राहिला.

१९७८ साली लंडनचे पदार्थवैज्ञानिक डेव्हिड केम्प यांचा शोधनिबंध आला. त्यांनी कानाच्या नळीत चिमुकला स्पीकर आणि मायक्रोफोन बसवला, एक बारीकसा ‘टक्’ आवाज आत सोडला आणि नंतरची शांतता नोंदवली. काही मिलिसेकंदांनी एक मंद आवाज परत आला. हा साधा प्रतिध्वनी असेल अशी शंका कुणालाही येईल. पण हिशेब करून पाहा. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब. पडद्यावर आपटून आवाज परतायला एका मिलिसेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही. केम्प यांच्या नोंदीतला आवाज पाच ते पंधरा मिलिसेकंदांनी येत होता. शिवाय आत सोडलेला आवाज वाढवला तरी परत येणारा त्या प्रमाणात वाढत नव्हता, आणि कॉक्लिया निकामी झालेल्या कानांतून तो येतच नव्हता. नुसत्या भिंतीवरून परतणारा आवाज असा वागत नाही. गोल्ड यांचा तर्क खरा ठरला होता, आणि मला तरी शरीरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर पुराव्यांपैकी हा एक वाटतो.

हा आवाज येतो बाह्य केशपेशींच्या कामातून. कॉक्लियात केशपेशींच्या, म्हणजे टोकाला केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशींच्या, रांगा असतात. आतली एक रांग सुमारे साडेतीन हजार पेशींची. मेंदूला संदेश पाठवण्याचं काम मुख्यतः तिचं. बाहेरच्या तीन रांगांमध्ये सुमारे बारा हजार पेशी असतात आणि त्या चक्क हलतात. विद्युतदाब बदलला की अशी पेशी आखडते, पुन्हा लांब होते, तेही सेकंदाला हजारो वेळा. विल्यम ब्राउनेल यांनी हे १९८०च्या दशकात दाखवून दिलं, आणि २००० साली पीटर डॅलोस यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेला या हालचालीमागचं प्रथिन सापडलं: प्रेस्टिन. या पेशींच्या धक्क्यांमुळे मंद ध्वनीची पटलावरची हालचाल शंभर ते हजार पट वाढते. त्यातली थोडी ऊर्जा उलट्या वाटेने निघते, हाडांच्या साखळीतून पडद्यापर्यंत येते, आणि पडदा स्पीकरसारखा थरथरतो.

केम्प यांच्या ‘टक्’ आवाजाने कान तपासता येतो, पण तपासणीची दुसरी पद्धत तर आणखी मजेशीर आहे. कानात एकाच वेळी दोन स्वर सोडायचे, समजा २००० आणि २४४० हर्ट्झचे. निरोगी कानातून १५६० हर्ट्झचा तिसराच स्वर बाहेर येतो, जो कुणी आत सोडलेलाच नव्हता. पहिल्याची दुप्पट केली आणि त्यातून दुसरा वजा केला की हा आकडा मिळतो. स्वरांच्या जोड्या बदलत गेलं की कॉक्लियाचा एकेक भाग तपासून होतो. जेंटामायसिन किंवा सिसप्लॅटिन यांसारखी औषधं आधी उंच स्वरांच्या भागातल्या बाह्य पेशी मारतात. माणसाच्या मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच रुग्णाला स्वतःला काही जाणवण्याआधी या आवाजात पडलेली घट डॉक्टरांना सावध करू शकते.

सर्वांत जास्त उपयोग नवजात बाळांसाठी होतो. हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. बाळ दूध पिऊन झोपलं की ऑडिओलॉजिस्ट मऊ टोकाची नळी कानात बसवतात. शेकडो वेळा आवाज सोडून येणाऱ्या उत्तरांची सरासरी काढली जाते, त्यामुळे खोलीतला गोंगाट गळून पडतो. काही मिनिटांत निकाल येतो, ‘पास’ किंवा ‘रेफर’. ‘रेफर’ म्हणजे बाळ बहिरं आहे असं नव्हे. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात पांढरा चिकट लेप किंवा पडद्यामागे द्रव असला तरी आवाज अडतो, म्हणून तपासणी पुन्हा करायची. पण ती टाळायची मात्र अजिबात नाही. तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर मुलाच्या बोलण्यात मोठा फरक पडतो.

‘पास’लाही मर्यादा आहे. ही तपासणी बाह्य केशपेशींबद्दल बोलते, त्यापुढच्या वाटेबद्दल नाही. तीव्र कावीळ झालेल्या, जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या किंवा खूप दिवस आधी जन्मलेल्या काही बाळांमध्ये बाह्य पेशी ठणठणीत असतात, पण आतल्या पेशी किंवा श्रवण-मज्जातंतू संदेश नीट पुढे नेत नाहीत. अशा बाळाचा कान छान आवाज काढतो, मशीन ‘पास’ म्हणतं, आणि बाळाला मात्र बोलणं समजत नाही. हा दोष सापडतो तो डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या बेरा तपासणीत. तुमचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलं असेल आणि फाइलवर फक्त ‘ओएई पास’, म्हणजे कानातून येणाऱ्या आवाजाच्या या तपासणीत पास, एवढंच लिहिलेलं असेल, तर बेरा झाली का, नसेल तर कधी करायची, हे डिस्चार्जच्या आधीच विचारून घ्या.