रात्रीचे छायाचित्रण

सूर्यास्तानंतर, असेल त्या उजेडात छायाचित्रे घेण्याचे तंत्र. शहरातल्या रात्री उजेड कमी पडण्यापेक्षा तो विषम असण्याचा त्रास जास्त होतो. ठाण्याच्या तलावपाळीवर उभे राहिले की हे लगेच जाणवते : रस्त्याकडचे दिवे डोळे दिपवतात आणि मासुंदा तलावाचे पाणी काळेमिट्ट असते. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, कॅमेऱ्याला ते एका वेळी जमत नाही.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे लवकर पोहोचणे. सूर्य क्षितिजाखाली सुमारे ४ ते ८ अंश असताना आकाश गडद निळे होते आणि त्याची उजळता दिव्यांच्या जवळपास येते. ठाणे साधारण १९° उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य इथे झपाट्याने बुडतो. ही निळी वेळ सूर्यास्तानंतर साधारण १५ मिनिटांनी येते आणि पाव तासात सरते. म्हणून ट्रायपॉड उजेडातच लावून, चौकट आधीच ठरवून ठेवावी. उशिरा पोहोचलेल्याला काळे आकाश आणि पांढरे ठिपकेच मिळतात.

उद्भासनाचा, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड येऊ द्यायचा याचा, हिशेब सोपा आहे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ला अर्धा सेकंद लागतो, तेथे आयएसओ १०० ला ८ सेकंद लागतात; पण चित्र कितीतरी स्वच्छ येते. या ८ सेकंदांत तलावाच्या लाटा विरून पाणी गुळगुळीत होते, दिव्यांची प्रतिबिंबे लांब पट्ट्यांसारखी उतरतात. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर गाड्यांच्या दिव्यांच्या अखंड रेषा याच पद्धतीने मिळतात. त्यासाठी सरळ रस्त्यापेक्षा वळण निवडावे. शटर बोटाने न दाबता २ सेकंदांचा टायमर लावावा. ट्रायपॉडवर असताना भिंगातील कंपनरोधक यंत्रणा बंद ठेवणे बहुधा हिताचे. वाहतूक चालू असलेल्या पुलावर मात्र ट्रायपॉडही कामाचा नाही : अवजड गाडी गेली की पूलच हादरतो. वाशीची खाडी टिपायची तर किनाऱ्यावर पाय रोवावेत.

अंधारात स्वयंचलित फोकस चाचपडतो. पडद्यावर दूरचा एखादा दिवा मोठा करून हाताने फोकस जुळवावा. उद्भासन दिव्यांना सांभाळून ठरवावे, कारण सावलीतला तपशील रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) बराचसा परत काढता येतो. जळालेला पांढरा भाग कायमचा जातो. भिंगाचे छिद्र एफ/११ च्या आसपास (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) लहान केले तर दिव्यांना किरण फुटतात. छिद्राच्या पात्या सम असतील तर जितक्या पात्या तितके किरण, विषम असतील तर दुप्पट.

पौर्णिमेचा चंद्र ही नवशिक्याची हमखास फसगत. त्याच्यावर थेट ऊन असते, म्हणून आयएसओ १०० आणि एफ/११ ला १/१०० सेकंद पुरतो. तेवढ्यात इमारती मात्र काळ्या पडतात. चंद्र आणि शहर एकत्र हवे असल्यास पौर्णिमेच्या संध्याकाळी, तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवत असताना, टिपावा.

मोबाइलचा नाइट मोड एका लांब उद्भासनाऐवजी अनेक छोटी चित्रे घेतो आणि ती एकमेकांवर जुळवून चित्रातला दाणेदारपणा कमी करतो. तेव्हा शटर दाबल्यावर हात लगेच खाली घेऊ नये. कठड्याला टेकवलेला फोन फार फरक पाडतो. आधी भिंग मऊ कापडाने पुसावे : बोटांचा तेलकटपणा दिवसा दिसत नाही, रात्री मात्र प्रत्येक दिव्यातून त्याची फिकट रेघ निघते.