गूगलचा पांडा आणि मजकुराचे कारखाने

सर्च इंजिनच्या क्रमवारीत केलेला बदल एखाद्या व्यवसायापर्यंत किती वेगाने पोहोचतो, हे २०११ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेत दोनदा दिसले.

पहिला अनुभव जे. सी. पेनी या जुन्या दुकानसाखळीचा. कपडे, गालिचे, चादरी, काहीही गूगलवर शोधले की पेनीचे संकेतस्थळ अगदी वर दिसे. सॅमसोनाइटची प्रवासी बॅग शोधली, तरी खुद्द सॅमसोनाइटच्या आधी पेनीचे पान येई. न्यूयॉर्क टाइम्सने याचा छडा लावला, तेव्हा विषयाशी सुतराम संबंध नसलेल्या संकेतस्थळांवर पेनीच्या पानांकडे नेणाऱ्या हजारो लिंक पेरलेल्या आढळल्या. गूगलचा पाया असलेले पेजरँक हे सूत्र प्रत्येक लिंकला मत मानते आणि वजनदार पानाच्या मताला अधिक किंमत देते. साहजिकच मतांची खरेदीही सुरू झाली होती. गूगलने कारवाई करताच बॅगेच्या शोधातील पेनीचे पान दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेले. या लिंकांची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे सांगून कंपनीने आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकले.

७१ वा क्रमांक म्हणजे जवळजवळ अदृश्य होणे. बहुतेक लोक निकालांच्या पहिल्या पानापुढे जातच नाहीत आणि त्या पानावरही क्लिकांचा मोठा वाटा वरचे दोन-तीन निकालच घेऊन जातात. त्यामुळे गुणांकनातील किरकोळ फरकानेही एखाद्याचे निम्मे ग्राहक जाऊ शकतात, आणि ऑनलाइन विक्रीचा सारा डोलारा या एकाच वाटेवर उभा असेल, तर त्याचे परिणाम थेट पगारापर्यंत पोहोचतात.

पेनीवरची कारवाई एका संकेतस्थळापुरती होती. त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या ‘पांडा’ या गूगलच्या सुधारणेने मात्र सूत्रच बदलले. त्याचे मूळ गूगलच्याच आधीच्या एका सुधारणेत होते. २०१० मध्ये ‘कॅफीन’ नावाची नवी यंत्रणा आली, नवी पाने झपाट्याने गूगलच्या सूचीत येऊ लागली, आणि त्यांबरोबर उथळ मजकुराचा पूरही आला. डिमांड मीडियासारख्या कंपन्यांचा तो व्यवसायच होता. लोक काय शोधतात आणि कोणत्या शब्दांवर जाहिरातदार जास्त पैसे मोजतात, हे संगणक ठरवी. मग लेखाला साधारण १५ डॉलर या दराने बाहेरच्या लेखकांकडून मजकूर लिहून घेतला जाई. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे बाजारमूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीहूनही अधिक ठरले. पत्रकारितेचे मोल जाणणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करणारी ही तुलना होती.

असा मजकूर ओळखायचा कसा, हा शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत रंजक प्रश्न, कारण त्यात खोटे किंवा बेकायदा असे काहीच नसे. गूगलने आधी माणसांना संकेतस्थळे दाखवून प्रश्न विचारले: येथे क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्याल का? येथे वाचलेले औषध आपल्या मुलाला द्याल का? मग विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह ठरलेल्या संकेतस्थळांच्या मोजता येण्याजोग्या गुणधर्मांत फरक करणारी सीमारेषा गणिताने शोधण्यात आली. माणसाचा विवेक काही हजार पानांपुरता पुरतो. ही रेषा एकदा सापडली की तोच निवाडा अब्जावधी पानांना लावता येतो. तो मार्ग ज्याने सुचवला, त्या अभियंत्याचे आडनाव पांडा.

गूगलच्या म्हणण्यानुसार पहिल्याच टप्प्यात अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर याचा लक्षणीय परिणाम झाला. यातली कठोर बाब अशी, की एका भागातील निकृष्ट मजकुरामुळे संपूर्ण संकेतस्थळाचा क्रम घसरू शकत होता. हबपेजेस या संकेतस्थळाने तर लेखकागणिक वेगवेगळे उपपत्ते (सबडोमेन) करून चांगल्या लेखकांना इतरांच्या सावलीतून बाहेर काढले. आपले काय चुकले, हे मात्र कुणालाच नेमके सांगितले जात नव्हते. सूत्र उघड केले तर त्याचा गैरवापर होतो, हे गूगलचे म्हणणे खरे आहे. पण प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या छोट्या संकेतस्थळांना त्या गुप्ततेची झळ बसली, हेही तितकेच खरे आहे.

तरीही त्या काळात एका संकेतस्थळाने गमावलेला वाचक दुसऱ्याला मिळत होता. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतातही, निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. आता वाचकाला उत्तर तेथेच मिळते आणि तो कुठेही जात नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील शोधांची पाहणी केली, तेव्हा सारांश नसताना १५ टक्के वेळा निकालावर क्लिक झाले, सारांश असताना ८ टक्केच; सारांशातील स्रोताच्या लिंकवर तर सुमारे एकच टक्का. ज्यांच्या मजकुरावर सारांश रचला जातो, त्यांना जाहिरातीचे उत्पन्न मिळते ते वाचक आल्यावरच. याच मुद्द्यावर ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या मालक कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलविरुद्ध दावा दाखल केला. सारांशांमुळे अधिक विविध संकेतस्थळांकडे वाचक जातात, असे गूगलचे उत्तर आहे.