लेसर अब्लेशन आयसीपी-एमएस (खडकांसाठी)

खडकाच्या किंवा खनिजाच्या एका बारीक ठिपक्यावर लेसर मारायचा, तिथला कणभर माल उडवायचा, तो हेलियमच्या झोतातून आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतिशय तापलेल्या, आयन झालेल्या वायूत न्यायचा आणि त्यात कुठलं मूलद्रव्य किती आहे ते मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने मोजायचं, अशी ही पद्धत. प्लाझ्मा आणि मास स्पेक्ट्रोमीटर या जोडीलाच आयसीपी-एमएस म्हणतात.

सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम अशी दहाएक मूलद्रव्यं मिळूनच जवळजवळ सगळा खडक होतो. उरलेली पन्नास-साठ मूलद्रव्यं पीपीएममध्ये (एक पीपीएम म्हणजे टनाला एक ग्रॅम), म्हणजे टनाला काही शे ग्रॅम किंवा त्याहून खूप कमी असतात, पण खडक कुठून आला, किती वितळला, वाटेत त्यात काय मिसळलं हे सगळं बहुतेक तीच सांगतात.

जुनी रीत अशी, की खडक दळून पूड करायची, हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची आणि ते पाणी मशीनला द्यायचं. आकडे छान येतात, आजही पूर्ण खडकासाठी ही रीत वापरतात. पण हायड्रोफ्लुओरिक ॲसिड फार घातक, झिर्कॉनसारखी खनिजं सहजी विरघळत नाहीत आणि मुख्य म्हणजे पूड केली की कुठला आकडा कुठल्या स्फटिकातला ते कायमचं पुसलं जातं. माझ्या मते लेसरची खरी किंमत इथेच आहे, तो आकड्याबरोबर जागाही सांगतो.

आयसीपी-एमएसचा पहिला पेपर १९८० सालचा, अमेरिकेत आयोवाच्या एम्स लॅबमधल्या हौक, फॅसेल वगैरे मंडळींचा. त्याला लेसर जोडून खडकाचा घन नमुना थेट मोजून दाखवला तो ॲलन ग्रे यांनी, इंग्लंडमध्ये १९८५ साली, रूबी लेसर वापरून. आता बहुतेक ठिकाणी २१३ नॅनोमीटरचा एनडी-यॅग नाहीतर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर असतो. लहरलांबी कमी असली की खनिज लेसर नीट शोषून घेतं, उडालेले कण बारीक निघतात आणि प्लाझ्मात पूर्ण फुटतात.

नमुना म्हणजे एपॉक्सीत बसवून पॉलिश केलेला तुकडा किंवा जाडसर थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेला खडकाचा पातळ काप. आधी वीस-तीस सेकंद लेसर बंद ठेवून नुसत्या गॅसचा सिग्नल घेतात, मग साधारण ४० सेकंद फायरिंग. ठिपका ५० मायक्रॉनचा आणि खड्डा ४० मायक्रॉन खोल धरला तर उडालेला माल पाव मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे एका ग्रॅमचा चाळीस लाखावा भाग, आणि एवढ्याशा धुळीत तीस-चाळीस मूलद्रव्यं मोजून होतात!

मशीन मात्र पीपीएम देत नाही, सेकंदाला किती आयन आले एवढंच देतं. त्याचे पीपीएम करायला प्रमाण काच लागते, सगळ्यात जास्त वापरातली अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणीकरण संस्थेची ६१० आणि ६१२, ज्यात ठरवून साठेक मूलद्रव्यं घातलेली आहेत. पण काच आणि फेल्डस्पार (खडकात नेहमी सापडणारं एक खनिज) लेसरखाली सारख्याच प्रमाणात उडत नाहीत, म्हणून नमुन्यातलं एक मूलद्रव्य, समजा कॅल्शियम, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनचा झोत मारून मुख्य मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) आधी मोजून ठेवायचं आणि बाकी सगळे सिग्नल त्याच्या तुलनेत बघायचे, याला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात. हे गणित लाँगरिच, जॅक्सन आणि ग्युंथर यांनी १९९६ साली मांडलं, अजून तेच चालतं. तो कॅल्शियमचा आकडा दहा टक्क्यांनी चुकला की बाकीचे सगळे आकडे तेवढ्याच टक्क्यांनी चुकतात आणि मूलद्रव्यांच्या आकड्यांचा आलेख दिसायला तरी गुळगुळीतच राहतो, त्यामुळे कळतही नाही.

दुसरा धोका ऑक्साइडचा. बेरियम १३५ ला ऑक्सिजन १६ चिकटला की वस्तुमान १५१ होतं आणि मशीनला तो युरोपियम वाटतो, १३७ चं तसंच १५३ होतं. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारमध्ये खरोखरच युरोपियम जास्त असतं, कारण त्याचा दोन भाराचा आयन कॅल्शियमच्या जागी बसतो, त्यामुळे बेरियमने वाढवलेला आलेखातला खोटा उंचवटा सहज खपून जातो. म्हणून दिवसाची सुरुवात मशीन ट्यून करण्यात जाते, थोरियमचा ऑक्साइड थोरियमच्या साधारण अर्ध्या टक्क्याच्या खाली आला की मग पुढे. सिग्नलचा आलेखही ठिपक्यागणिक डोळ्याने बघायलाच हवा, मध्येच झिर्कोनियम उसळलं तर लेसर खाली लपलेल्या झिर्कॉनच्या दाण्यात घुसलाय, तेवढा तुकडा कापून टाकायचा.

सह्याद्रीच्या बेसॉल्टचे थर ओळखायला १९८० च्या दशकापासून अशीच पीपीएममधली मूलद्रव्यं वापरली गेली, फक्त तेव्हा पूर्ण खडकाची पूड करून. त्यातून कळलं की बुशे नावाच्या थराच्या लाव्ह्यात कवचातल्या खडकाची बरीच भेसळ आहे आणि त्याच्या वरच्या आंबेनळी थरात फार कमी. पण भेसळ कधी झाली, स्फटिक वाढायच्या आधी की वाढताना, हे पुडीतून निघत नाही. घाटातल्या काही थरांत प्लॅजिओक्लेजचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक सापडतात, त्यातला एक घेऊन मध्यापासून कडेपर्यंत ओळीने ठिपके मारले तर स्ट्रॉन्शियम आणि बेरियम कुठे बदलतं ते दिसतं, आणि तो बदल ज्या रेषेवर होतो तिथेच त्या स्फटिकाभोवतीचा वितळलेला खडकाचा रस बदललेला असण्याची शक्यता असते.