नामिब म्हणजे कालाहारी नव्हे

नामिबियाला निघालेल्या ओळखीच्यांची आयटिनररी हातात आली की मी आधी एकच ओळ शोधतो, आणि ती बहुतेक वेळा सापडतेच: ‘कालाहारी वाळवंटातील जगप्रसिद्ध केशरी टेकड्या’. मागच्या दिवाळीत मावसभावाच्या कागदावर तर ‘सकाळी कालाहारी, दुपारी समुद्रकिनारा’ असं छापलेलं होतं. कालाहारीला समुद्र कुठून आणणार? त्या टेकड्या समुद्रालगतच्या नामिब वाळवंटातल्या; कालाहारी आहे आतल्या भागात.

नामिब तुम्ही पाहिलेलं आहे, निदान फोटोत. भेगाळलेलं पांढरं तळं, त्यात काळी ठक्क वाळलेली झाडं आणि मागे केशरी डोंगर, ते डेडफ्ले. शेजारचं सोससफ्ले. (स्पेलिंगमध्ये व्ही असला तरी आफ्रिकान्समध्ये तो ‘फ’ होतो. ‘सोससव्हली’ कुणी म्हटलं की मला कसंसंच होतं.) तिथे जायचं प्रवेशद्वार सेसरीमला; त्या गेटपासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता, मग पाचेक किलोमीटर अशी वाळू, की साधी गाडी रुतलीच म्हणून समजा. मुक्काम गेटच्या आत असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेर असेल तर सूर्योदयाला. आतच राहा. नामिबच्या सहलीबद्दल एवढं पुरे.

रंगावरून ही दोन ओळखायला जाऊ नका. लोहाच्या गंजामुळे कालाहारीची वाळूही लाल, कधीकधी नामिबपेक्षा गडद. गोची रंगात नाही, ‘वाळवंट’ या शब्दात आहे. आपण दोन्हींना तोच शब्द वापरतो आणि डोळ्यांपुढे एकच चित्र आणतो.

खरा फरक पाण्याचा आहे. नामिबमध्ये पाऊस नाही, धुकं आहे. कालाहारीत पाऊस आहे, पाणी नाही.

शाळेच्या भूगोलात बेंग्वेला प्रवाह पाठ केला होता, तो इथे भेटतो. दक्षिणेकडून येणारं हे थंड पाणी किनाऱ्यालगतची हवा गार करतं. त्या हवेतून ढग वर चढून पाऊस पडत नाही, धुकं मात्र तयार होतं आणि जमिनीवर सरकतं. स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या गावात वर्षाला सरासरी २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, पण सकाळी नाश्त्यानंतर गाडी काढली तेव्हा काचेवरचं पाणी हटवायला मला वायपर लावावा लागला होता. तिथलं सगळं जगणं या धुक्यावर. एक काळा भुंगेरा पहाटे टेकडीच्या धारेवर डोकं खाली, बूड वर करून उभा राहतो. पाठीवर साठलेला थेंब ओघळून थेट त्याच्या तोंडात जातो. वेल्विचिया ही वनस्पती तर आयुष्यभर दोनच पानं वाढवत हजार वर्षांहून जास्त जगू शकते. नामिबियाच्या राजचिन्हावरही ती आहे.

आता कालाहारी. नैर्ऋत्येला वर्षाला शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस, ईशान्येकडे वाढत जाऊन पाचशेच्या घरात, म्हणजे साधारण आपल्या माणदेशात पडतो तेवढा. माणदेशाला कुणी वाळवंट म्हणत नाही. मग कालाहारी तहानलेलं का? कारण खाली वाळूचा जाड थर आहे. पडलेलं पाणी ती गिळून टाकते, वर ओढा-ओहोळ टिकत नाही. मुळांना मात्र ती ओल मिळते. म्हणून कालाहारीत गवत आहे, काटेरी बाभळीसारखी कॅमलथॉर्नची झाडं आहेत, त्यांच्यावर सुगरणीच्या जातभाईंनी बांधलेली गवताच्या गंजीएवढी सामाईक घरटी आहेत. टेकड्यांवरही गवत उगवलेलं असतं, त्यामुळे त्या सरकत नाहीत. बुटक्या, एकमेकींना समांतर, नांगराच्या तासांसारख्या मैलोन्‌मैल गेलेल्या. डेडफ्लेची आस लावून इथे आलात तर निराश व्हाल. पण गवत आहे म्हणून चरणारे आहेत, आणि ते आहेत म्हणून काळ्या आयाळीचे सिंह आहेत.

या एका फरकावर सहलीची तारीख ठरते, आणि पैसे बुडतात ते इथेच. ‘आफ्रिकेत जनावरं बघायला कोरड्या दिवसांत जायचं’ हे सगळ्यांना पाठ असतं. उत्तर नामिबियातल्या इटोशा अभयारण्यासाठी ते बरोबर आहे: जुलै ते ऑक्टोबर जनावरं पाणवठ्यांवर गोळा होतात, तुम्ही नुसतं बसून राहायचं. तोच नियम बोट्स्वानातल्या सेंट्रल कालाहारी अभयारण्याला लावला की फसलात. तिथे पावसानंतर, जानेवारी ते एप्रिल, डिसेप्शन व्हॅलीत कोवळं गवत येतं आणि हरणांचे कळप तिथे उतरतात. कोरड्या दिवसांत तेच कळप दूरवर पांगलेले असतात. पावसानंतर रस्त्यात चिखल असतो, हे खरं. तो सोसायचा.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबात सांगायचं तर दिवाळीत इटोशा उत्तम, पण कालाहारी पावसाआधीच्या उन्हात भाजत असतं. मे महिना मला स्वतःला जास्त आवडतो. हवा स्वच्छ, दिवसा सुखाचं ऊन. रात्री थंडी पडू लागते. जून-जुलैत तर कालाहारीत पारा शून्याखाली जातो. कालाहारीच्या कडेच्या मारिएंटाल गावाजवळच्या मुक्कामी जुलैत बाहेर ठेवलेल्या बादलीवर पहाटे बर्फाची साय आली होती, आणि आमच्यातल्या दोघांनी ‘वाळवंट आहे’ म्हणून फक्त सुती कपडे आणले होते.

आठच दिवस असतील तर मी कालाहारीला एक रात्र देईन, तीही राजधानी विंडहूकहून सेसरीमला जाताना मारिएंटालवरून वळसा घेऊन. बाकी सगळं नामिब आणि इटोशा. सिंहांसाठीच कालाहारी हवं असेल तर ते या सहलीत कोंबू नका, नामिबियाच्या सीमेवरच्या मातामाता गेटातून दक्षिण आफ्रिका-बोट्स्वानाच्या खगालागाडी पार्कात शिरा आणि किमान तीन रात्री काढा. आणि स्वाकोपमुंडसाठी स्वेटर घ्या, डिसेंबरातसुद्धा.