फोर्टमधली प्रत्येक जुनी दगडी इमारत ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ नव्हे

‘इंग्रजांनी मुंबईच्या फोर्टात जे जे बांधलं ते सगळं व्हिक्टोरियन गॉथिक (म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली टोकदार कमानींची शैली),’ असा समज फोटोंसकट वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो होणं स्वाभाविक आहे. सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर या रोज दिसणाऱ्या इमारती गॉथिकच आहेत. पण त्याच फोटोंत हॉर्निमन सर्कलचा टाउन हॉलही (एशियाटिक सोसायटीची इमारत) असतो, आणि तो गॉथिक नाही.

आधी साल बघा. टाउन हॉल पुरा झाला १८३३ मध्ये. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ मध्ये. म्हणजे ‘व्हिक्टोरियन’ इथेच गळतं. या भागाभोवतीच्या किल्ल्याची तटबंदी पाडली १८६० च्या दशकात, आणि ओव्हल मैदानाच्या बाजूच्या गॉथिक इमारती त्यानंतरच्या. टाउन हॉल उभा राहिला तेव्हा तट शाबूत होता.

आता साल बाजूला ठेवा, दगडच वाचा. तीसेक पायऱ्या चढून खांबांपाशी जा. खांबांवर वरपासून खालपर्यंत उभ्या खाचा आहेत, हाताने चाचपून बघा. माथ्यावर पानाफुलांची नक्षी नाही, साधी चपटी उशी आहे. त्यावर आडवी तुळई, मधोमध त्रिकोणी माथा. ही प्राचीन ग्रीक देवळांची धाटणी, म्हणून शैली निओक्लासिकल.

तिथून चालत ओव्हलला या आणि हायकोर्टाकडे बघा: टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे. आडवी तुळई की टोकदार कमान, एवढं पाहिलंत तरी फोर्टातल्या बऱ्याच इमारती तुम्हाला स्वतःच ओळखता येतील.